काळ्या पट्ट्याचं घड्याळ

कोणी वाईट वागलं की आमची भांडीवाली पदराला गाठ मारायची. भांडी घासता घासता, ओल्या हातानं. म्हणायची, "ऱ्हाऊ द्या बाई. मी इसरत नसते."

मुलांनो, आजीनं कधी गुन्हा केलाय का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. एकदा केलाय, तिच्या जोडीनं.

ती खुलताबादकडच्या मेंढपाळांतली. दुष्काळात चारा संपला, मेंढ्या विकल्या आणि नवराबायको औरंगाबादला आली. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. उस्मानपुऱ्यात बंगले पाडून मजले चढत होते आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. ती आमच्याकडे भांडी घासायची. नवरा मकबऱ्याबाहेर पर्यटकांच्या गाड्या राखायचा.

तिथं एक गोडबोल्या तरुण गळ्यात ओळखपत्र अडकवून गाइड म्हणून फिरे आणि पाहुण्यांच्या पर्स लांबवी. परदेशी पाहुण्यांच्या तक्रारी मराठीत सांगायला चौकीवाले मला बोलावत. मी 'चोरी' म्हटलं की हवालदार 'गहाळ' लिहायचा. पाहुणा फारच चिडला तर संशयित म्हणून हिच्या नवऱ्याला उचलायचा, पाहुण्याचं विमान सुटलं की सोडायचा. नवरा सुजलेले पाय ओढत घरी यायचा. गाइड हवालदाराला वाटा देतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या खेपेला हवालदारानं बजावलं, पुढच्या वेळी खरी केस घालणार.

वरच्या साहेबांना अर्ज लिहू, असं मी म्हणाले.

"कागद नगं," ती म्हणाली. "मालकांचं जुनं घड्याळ द्या."

बिब्बा तुम्ही पाहिला नसेल. काळं, चपटं बी. त्याचं तेल कातडीला लागलं की उततं, फोड येतात. तिची माणसं मेंढ्यांच्या खुरांच्या जखमांना बिब्बा लावत. तिनं हाताला खोबरेल चोपडलं, माझ्या गॅसवर चिमट्यात धरून बिब्बा तापवला आणि आजोबांच्या घड्याळाच्या काळ्या पट्ट्याला तेल चोळलं. आजोबा नको नको म्हणत होते.

मी विचारलं, भलत्याच कोणाला लागलं तर?

"भलत्यानं दुसऱ्याच्या पिशवीत हात कशाला घालावा?"

दुसऱ्या दिवशी मी हॅट आणि काळा चष्मा घालून मकबऱ्याबाहेरच्या बाकावर बसले आणि दिल्लीच्या पाहुणीसारखं इंग्रजी झाडलं. गाइडनं मला पंधरा मिनिटं इतिहास ऐकवला, सगळा चुकीचा. जन्मभर इतिहास शिकवलेली मी, पण एकदाही त्याला अडवलं नाही. तो गेला तेव्हा पर्सही गेली होती, आतल्या घड्याळासकट.

आम्ही गप्प बसलो. चौथ्या दिवशी एका परदेशी बाईंचा कॅमेरा गेला आणि हिच्या नवऱ्याला उचललं. मला तक्रार सांगायला बोलावणं आलं. तीही माझ्यामागून चौकीत शिरली. बाईंनी आरडाओरडा केल्यामुळे वरचे साहेब स्वतः आले होते. हवालदार केसचे कागद भरत होता. त्याच्या मनगटाला पांढरी पट्टी होती.

"साहेब," ती म्हणाली, "तेवढी पट्टी सोडाया लावा."

त्यानं का-कू केलं, पण साहेबांनी सोडायला लावली. मनगटाभोवती घड्याळाच्या पट्ट्याएवढे फोड उठले होते, मध्ये बकलाची चौकटसुद्धा दिसत होती. मग मी घड्याळाची हकिगत सांगितली. ते हवालदाराच्याच टेबलाच्या खणात निघालं. गाइडला पकडून आणलं तेव्हा त्याची बोटं सुजून केळ्यांएवढी झाली होती.

हिच्या नवऱ्याला बाहेर काढलं. ती त्याला धरून निघाली, तेवढ्यात हवालदार हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, लई आग होतीय. काय उतारा असंल तर सांग."

ती थांबली. "दोन दिवस आत बसा, साहेब. ह्यांनी बी सूज अशीच सोसलीया."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओलं खोबरं वाटून लावायचं, हे तिनं मला सांगून ठेवलं होतं. मी चष्मा काढला आणि काचा पुसत राहिले.

पुढं पाऊसपाणी बरं झालं, तशी ती दोघं आठ मेंढ्या घेऊन खुलताबादच्या डोंगराकडं गेली. ती मला पुन्हा दिसली नाही. हवालदार मात्र नोकरी गेल्यावरही भाजीबाजारात दिसायचा, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालून. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? ते पाहून मला बरं वाटायचं.