शिंपीणकाकूंचा खडू

मंडळाच्या साक्षरता वर्गात शिंपीणकाकूंनी गल्लीतल्या अकरा बायकांना वाचायला शिकवलं. वर्ग त्यांच्याच दुकानात भरे. नवरा मात्र पलीकडे इस्त्री करत राही. "बायकांत बसून बाराखडी गिरवू?" म्हणे. काकूंच्या जिवाला हीच टोचणी होती.

त्या शिवणाच्या खडूने कापडावर धडा लिहीत. वर्ग सुटला की नवरा कापडं झटकून घडी घाली. आज त्याने एक तुकडा तसाच बाजूला ठेवला.

"हा का ठेवलात?"

"त्यावर 'घर' लिहिलंय. झटकवेना."

काकू सुई ओवायला गेल्या. दोनदा दोरा हुकला.

"मग उद्या बसताय वर्गात?"

"छट्! तू फक्त अक्षरं मोठी काढ. इथून नीट दिसत नाहीत."