धुऱ्यावर बसलेले बाबा

मुकुटबनहून वणीला जाणारी सकाळची एसटी त्या दिवशी माझ्यामुळे अडली होती. कंडक्टर घंटी मारायचा आणि सरपंच दार धरून म्हणायचे, "थांब रे भाऊ, पोराले हार तं घालू दे." शाळेचं लेझीम पथक आलं होतं. भजनी मंडळाची म्हातारी माणसं टाळ घेऊन आली होती, कारण मारुतीच्या पारावर त्यांच्यातच बसून मी गायला शिकलो होतो. मुंबईच्या एका वाहिनीने गाण्याच्या स्पर्धेसाठी मला निवडलं होतं. आमच्या गावातून टीव्हीत जाणारा मी पहिलाच. माय पदराने डोळे पुसत होती. धाकटी वर्षा मैत्रिणींना एसएमएसने मत कसं द्यायचं ते शिकवत होती. बाबा गर्दीच्या मागे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हात पाठीशी बांधून उभे होते. बस हलली तेव्हा ते खिडकीपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "गळ्याले जप. तिकडचं पाणी येगळं राह्यते."

तुमच्यातले बरेच जण त्या दिवशी तिथे होते. काही जण पुढे त्याच बसने निघून पुण्याला, सुरतेला, हैदराबादला गेले. फोनवर तुम्ही अजून विचारता, "गजूभाऊ, काहून सोडलं गाणं?" मी काहीतरी हसण्यावारी नेतो. आज नीट सांगतो.

ती वर्षं आपल्या जिल्ह्याची वाईट होती. कापसाला भाव नव्हता, बियाणं महाग झालं होतं, आणि रोज कुठल्या ना कुठल्या गावातून शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी यायची. मुंबई-दिल्लीचे पत्रकार गाड्या घेऊन फिरायचे. आमचं घर त्यातून बऱ्यापैकी बचावलं होतं. वावर विहिरीचं होतं, कापसाबरोबर तूर असायची, आणि बाबा हात राखून खर्च करायचे. वावरातून आले की विहिरीवर आंघोळ करून, कोळशाच्या इस्त्रीने स्वतः शर्टाला इस्त्री करून मगच ते चौकात जायचे. मळक्या कपड्यांत त्यांना गावाने कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीतला एक ओळखीचा माणूस त्या काळात विष पिऊन गेला, तेव्हा बाबा तेरवीपर्यंत रोज त्याच्या घरी जाऊन बसले.

पहिली ऑडिशन नागपूरला झाली होती. मी एक अभंग गायलो. परीक्षक मान डोलावत होते, पण त्यांच्या शेजारी बसलेल्या वाहिनीच्या मॅडम कागदात डोकं घालून होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला तू?"

"यवतमाळ जिल्हा. मुकुटबन."

मॅडमनी पहिल्यांदा वर पाहिलं. "यवतमाळ? घरी शेती आहे? कापूस?"

मी हो म्हणालो. त्यांनी शेजारच्या माणसाला कोपराने ढोसलं. मला वाटलं, आवाज आवडला.

मुंबईतल्या सुरुवातीच्या फेऱ्या पार पडल्या आणि मी शेवटच्या बारा जणांत आलो. मग प्रत्येकाच्या घरी जाऊन चित्रीकरण करायचं ठरलं. माझ्या पाठवणीला महिनाही झाला नव्हता आणि मी वाहिनीच्या गाडीत बसून पुन्हा मुकुटबनला आलो. सोबत मॅडम, कॅमेरावाला आणि आणखी दोन पोरं होती. मायने पुरणपोळ्या केल्या होत्या. बाबा इस्त्रीच्या शर्टात फाटकापाशी उभे होते.

मॅडमनी घर पाहिलं. सिमेंटचं घर, नुकताच दिलेला निळा रंग. "हे नाही चालणार," त्या कॅमेरावाल्याला हळूच म्हणाल्या. मग शेजाऱ्यांच्या गोठ्यात मायला चुलीपुढे बसवलं. आमच्याकडे गॅस येऊन वर्षं झाली होती. तीन दगड मांडून चूल उभी केली. धूर डोळ्यांत गेला आणि मायच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हे छान आलं," कॅमेरावाला म्हणाला.

नंतर आम्ही वावरात गेलो. चैत्र होता. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लागले होते, जमीन तडकलेली होती. चैत्रात आपल्याकडे कोणाचंही वावर तसंच दिसतं. पण मॅडम गाडीतून उतरताच छातीला हात लावून म्हणाल्या, "अरे देवा, काहीच उरलं नाही."

"उरन कसं बाई?" बाबा म्हणाले. "कापूस येचून इकला. आता पावसाले लावू."

त्यांनी बाबांना शर्ट काढायला लावून जुनं बनियन घालायला दिलं. ते कुणाचं होतं, कोण जाणे. मग मॅडम म्हणाल्या, "काका, त्या बांधावर बसा. कपाळाला हात लावा. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

"धुऱ्यावर बसू? काहून? मले काय झालं?"

पोरं हसली. मॅडम समजुतीने म्हणाल्या, "तुम्हाला काही झालं नाही काका. पण मुलगा कुठून आला, ते लोकांना कळायला नको का?"

"मुकुटबनातून आला. बसनं."

मी बाबांना बाजूला नेलं. म्हटलं, "राहू द्या बाबा. नाही जात मी. नाही गायचं मले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "सारं गाव सोडाले आलतं तुले. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणतं? पंधरा वर्षं झाली तू गाऊन राह्यला. बसतो मी. बसल्यानं काय होते?"

आणि ते बसले. उघड्या उन्हात, परक्या बनियनमध्ये, कपाळाला हात लावून. कॅमेरावाल्याने तीनदा बसवलं. तिसऱ्यांदा त्यांची मान खरोखरच खाली गेली.

तो भाग दाखवला त्या दिवशी मी मंचावर उभा होतो. माझ्या मागच्या मोठ्या पडद्यावर बाबा दिसले. बासरी वाजली. एक घोगरा आवाज म्हणाला की, या बापानेही एकदा मरणाची वाट धरली होती, पण लेकाच्या सुरांनी त्याला परत आणलं. असं काही घडलंच नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. परीक्षकांनी डोळे टिपले, प्रेक्षक उभे राहिले, आणि सूत्रसंचालक माझ्या हातात माईक देऊन म्हणाला, "गा, गजानन. बाबांसाठी गा." माझा आवाज पहिल्याच ओळीला फाटला. सूर लागला नाही. त्यालाच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेसूर गाण्याला मिळालेल्या त्या टाळ्या आजही माझ्या कानांत वाजतात.

कार्यक्रम संपल्यावर मी मॅडमना गाठलं. म्हणालो, बाबांनी असं कधी केलं नाही. त्या म्हणाल्या, "अरे, केलं असं कुठे म्हटलं? वाट धरली होती, असं म्हटलं. आता यावर बोलू नकोस, तुझी मतं वाढली आहेत."

मी त्या रात्री घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. "पाह्यलं आम्ही. सारं गाव आलतं पाह्यले," ते म्हणाले. मग म्हणाले, "सूर हालला तुहा. झोप होते का नाही?"

पुढच्या आठवड्यांत मी एखादं चालीचं, हसरं गाणं मागायचो. "तुझा स्लॉट इमोशनल आहे," असं उत्तर यायचं. एक दिवस मी बाहेर पडलो. जिंकला कोण, ते मी पाहिलं नाही.

वर्षाचं साक्षगंध ढाणकीच्या एका मास्तराशी झालं होतं. ते मोडल्याचं मी स्पर्धेत असेपर्यंत मला कोणी कळू दिलं नाही. बाहेर पडल्यावर वर्षानेच सांगितलं, "दादा, ते लोकं नाही म्हणाले. जिच्या बापाच्या डोक्यात असं येते त्या घरची पोरगी नाही पाह्यजे म्हणे. बाबा स्वतः गेलते ढाणकीले समजवाले. ते म्हणाले, तुमाले आम्ही आमच्या डोळ्यानं पाह्यलं टीव्हीत." ती रडली नाही. म्हणाली, "तू नको येऊ भांडाले. झालं ते झालं." पुढे तिचं लग्न आदिलाबादच्याही पलीकडे झालं. तिथे घराघरांत तेलुगू वाहिन्या चालतात, आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. ती आता मुलांशीही तेलुगूतच बोलते.

मी मुंबईला गेलो त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुण्याची काही भली माणसं शिलाई मशीन घेऊन आमच्या दारात आली. बाबांनीच मशीन गाडीतून उतरवायला हात लावला. त्यातल्या बाईंनी मायला जवळ घेऊन विचारलं, "मालकांना जाऊन किती दिवस झाले हो?"

"कुठी जाऊन राह्यलो मी?" बाबा मागून म्हणाले. "हा काय उभा आहो."

माय हा प्रसंग हसून सांगायची. बाबा त्या वेळी उठून आत जायचे. चौकात जाणं त्यांनी हळूहळू सोडलंच होतं. पोरंटोरं "हिरो आले" म्हणायची. वडीलधारे फार मायेने बोलायचे, ते त्यांना जास्त लागायचं.

मी मुंबईकडेच राहिलो, कारण परत जायला तोंड नव्हतं. दोन गणेशोत्सव बरे गेले. पण मी गायच्या आधी मंडळवाले पडद्यावर ती चित्रफीत लावायचे. लावू नका म्हटलं की पुढच्या वर्षी बोलवायचे नाहीत. मग स्पर्धेच्या नव्या पर्वात बीडकडचा एक पोरगा आला, त्याची आई ऊसतोडीला जायची. माझं नाव लोकांच्या लक्षातून गेलं. मी स्टुडिओत स्क्रॅच गाऊ लागलो. म्हणजे मोठा गायक येण्याआधी गाणं कसं होईल ते दाखवायला आपण गायचं, मग तो येतो आणि आपला आवाज पुसून त्याचा भरतात. चांगलं गायलो तर तो माझ्याच हरकती-जागा घ्यायचा. पुसलेली अशी कितीतरी गाणी असतील. त्यातलं एखादं तुम्ही लग्नात नाचलाही असाल.

आता नवी मुंबईत, कामोठ्यात मी लहान मुलांचा क्लास घेतो, कराओकेवर. परवा एका मुलीची आई थांबून राहिली. मुलगी खरंच गोड गाते. आई म्हणाली, "सर, ऑडिशनला आजकाल स्टोरी विचारतात. आमच्याकडे तर काहीच नाही हो, आम्ही दोघं नोकरी करतो. काय करायचं?" मी म्हणालो, तिला सरगम करू द्या. ती निराश होऊन गेली. पुढच्या महिन्यापासून मुलगी दुसऱ्या क्लासला जाऊ लागली.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. दुपारी जेवले, ओट्यावर बसले, छातीत कळ आली. वणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी दुसऱ्या दिवशी मुकुटबनला उतरलो. स्टँडवरचा ऑटोवाला पोरगा नवा होता. कोणाकडे जायचं ते सांगितल्यावर त्याने आवाज खाली आणला. "ते टीव्हीतले बाबा नं? गेले म्हणे काल. काय घेतलंतं त्यायनं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा घर आलं होतं.

मग रोज तेच. बसायला येणारी माणसं मायचा हात हातात घ्यायची, आणि जाता जाता कोणीतरी विचारायचंच, काय घेतलं होतं म्हणून. लांबच्या नात्यातल्या एका मामाने तर मला बाजूला घेऊन सांगितलं की, कागदपत्रं नीट कर, सरकारी मदत मिळते. मी प्रत्येकाला सांगत होतो, अटॅक आला, डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. लोक मान हलवायचे. घराची इज्जत राखायला पोरगा असंच म्हणणार, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. सत्तरीपर्यंत ताठ जगलेल्या माणसाला त्याचं स्वतःचं साधं मरणही मिळालं नाही. ते मी गायलो म्हणून.

तेरवी झाल्यावर मी मायला म्हटलं, "चल माह्यासोबत. इथं आता कोण आहे? वर्षा तिकडं, मी तिकडं. घराले कुलूप लावू."

माय तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी तिथं आली तं इथं कोन सांगन, बाबू?"

"काय सांगन?"

"का ते जेवून उठले होते. का वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मांगून घेतली होती त्यायनं. असा माणूस इख घेते का? हे कोन सांगन लोकाईले?"

कामोठ्यातली माझी खोली मी घर म्हणून सांगतो, पत्त्यात तसं लिहितोही. पण माझं घर मुकुटबनलाच आहे, आणि त्याला कुलूप लावता येत नाही, कारण तिथे माझी म्हातारी माय एकटी बसून माझ्या बापाची साक्ष देते आहे.

मी बॅग घेऊन निघालो तेव्हा शेजारच्या गावची दोन माणसं बसायला आली होती, उशिरा कळलं म्हणून. मायने त्यांना पाणी दिलं. फाटक ओढून घेताना मला तिचा आवाज ऐकू आला, "नाही जी, तसं काई नाही. जेवून उठले होते." आणि त्या माणसांचं, तिला बरं वाटावं म्हणून, हळूच "हाव, हाव" म्हणणं.