भिंतीकडे तोंड करून

गादीवाल्याला भांडता येत नसे. राग आला की तो निजायचा. गिऱ्हाईक वाटेल ते बोलून गेलं की निजला, बायकोशी खटका उडाला की निजला. स्वतःच्या हाताने शिवलेल्या गादीवर, भिंतीकडे तोंड करून, चादर कानापर्यंत ओढून. जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. त्याची बायको म्हणायची, लोकांचे नवरे रागावले की भांडी आदळतात, आमचे अंथरूण घालतात, तेवढाच भांड्यांचा खर्च वाचतो. कामाला मात्र माणूस पक्का. त्याने भरलेल्या गादीत वर्षानुवर्षं गाठ पडायची नाही आणि टाका असा सरळ की जणू पट्टी धरून मारलाय. फक्त बोलायची वेळ आली की हा गडी अंग चोरायचा.

ज्या भिंतीकडे तोंड करून तो निजायचा तिच्या पलीकडे खुर्चीवाला राहायचा. मोडक्या खुर्च्यांना वेताची नवी बैठक विणून देणारा, बायको गेलेला, मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेली. दोघांची दोस्ती तरुणपणापासूनची. खुर्चीवाला म्हणायचा, मी लोकांना बसवतो, तू निजवतोस, उभं राहून काम करणारे आपण दोघेच उरलो. दुपार कलली की तो भिंतीवर दोनदा टकटक करायचा. त्याचा अर्थ, चहा टाकलाय, ये. गादीवाला हातातलं काम तसंच टाकून उठायचा. रुसून निजलेला असला तरी उठायचा. बायकोच्या दहा हाकांनी जे व्हायचं नाही ते दोन टकटकींनी व्हायचं, आणि हे तिला अर्थातच खुपायचं.

खुर्चीवाल्याच्या खोलीमागे एक फरसबंद अंगण होतं. खाटा टाकल्या तर चार मावतील एवढंच, पण त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. गादीवाल्याच्या बाजूला मात्र समोरच्या तीनमजली इमारतीची सावली बसलेली. गादीच्या धंद्यात कापसाला ऊन दाखवल्याशिवाय भागत नाही. दमट कापूस कितीही पिंजा, गादी जड ती जडच. तसं खुर्चीवाल्याने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. स्वतःच्या खुर्च्या आणि वेत भिजवायची टाकी एका कडेला सरकवून तो अर्धं अंगण मोकळं करून द्यायचा. पण अर्धं अंगण वापरणाऱ्याला उरलेलं अर्धंच जास्त दिसतं. हळूहळू गादीवाल्याच्या मनाने घेतलं की अख्खं अंगण आपलं हवं. तिथे आडव्या बांबूंचा मांडव घालू, कापूस पसरू, पावसाळ्यापुरतं छप्पर टाकू. काम करता करता त्याची नजर मागच्या दाराकडे जायची आणि हात थांबायचा.

शेवटी एकदा चहा पिता पिता त्याने विषय काढला. बदल्यात माझी रस्त्याकडची खोली घे म्हणाला, तुला गिऱ्हाईक जास्त मिळेल. बोलणं अगदी सरळ होतं. खुर्चीवाल्याने कप खाली ठेवला आणि मागच्या दाराच्या पायरीकडे बघितलं. बापाने याच टाकीत वेत भिजवायला शिकवलं, म्हणाला, आणि ही शेवटच्या आजारात दिवसभर त्या पायरीवर उन्हाला बसायची. वापर तू हवं तेवढं, पण देणं काही मला जमायचं नाही. त्यात दुखावण्यासारखं काही नव्हतं. पण गादीवाला घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

या खेपेला तो दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. बायको घाबरली, मग चिडली, मग तिने त्याच्याकडून सगळं कारण काढून घेतलं. तेवढ्याने काय निजून राहायचं, ती म्हणाली. उठा, जेवा, अंगणाचं मी बघते. तिने भावाला बोलावलं. हा मेहुणा म्हणजे नुसता बोलघेवडा. धड एक नोकरी नाही, पण ओळखी गावभर. दोघं बहीण-भाऊ खोलीत बसून बोलले. गादीवाला जागा होता. सगळं ऐकत होता. मेहुणा म्हणाला, म्हातारा विसराळू झालाय, स्टोव्ह पेटता ठेवून बाहेर जातो, एवढंच मालकीणबाईंच्या कानावर घालायचं. दोघांनी सांगितलं की पुरे. लाँड्रीवाला आपला आहे, चहावालाही नाही म्हणायचा नाही. बायकोने एकदा विचारलं, अहो, ऐकताय ना? गादीवाल्याने चादर आणखी वर ओढली.

घरमालकीणबाईंना आगीची भारी धास्ती. लाँड्रीवाला आणि चहावाला सांगून गेल्यावर त्या स्वतः गादीवाल्याकडे आल्या. म्हणाल्या, पलीकडे पेटता स्टोव्ह आणि अलीकडे तुमचा कापूस, सगळ्यात जास्त धोका तुम्हालाच. तेव्हा तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन. तो विसरतो का? गादीवाला गादीची कड शिवत होता आणि दाभण, म्हणजे ती जाडजूड सुई, त्याने ओवायला म्हणून दातांत धरली होती. ती काढायला किती वेळ लागतो? त्याने ती काढली नाही. खाली बघून दोरा ओढत राहिला. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, सुस्कारा सोडला आणि गेल्या. खोटं तो एक अक्षरही बोलला नाही, आणि या गोष्टीचा त्याला पुढे बरेच दिवस आधार वाटत होता.

खुर्चीवाल्याने वाद घातला नाही. सामान टेम्पोत भरलं, टाकी जड म्हणून मागेच ठेवली आणि मुलीकडे गेला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, येतो रे. गादीवाल्याने मान हलवली. खोलीला कुलूप लागलं आणि अंगणाची किल्ली मालकीणबाईंनी गादीवाल्याच्या हातात दिली. अंगण कसं मिळालं हे त्याने बायकोला विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. जेवणं मात्र वेळेवर होऊ लागली.

आता कापसाला भरपूर ऊन होतं. गाद्या अशा हलक्या होऊ लागल्या की गिऱ्हाइकं दाबून बघून खूश व्हायची. आणि दुपार कलली की गादीवाल्याचा हात थांबायचा. पूर्वी अंगणाकडे बघून थांबायचा, आता भिंतीकडे. कान तिकडे लागायचे. एकदा त्याने स्वतःच दोनदा टकटक केलं आणि आपल्यालाच भ्यायल्यासारखा मागे सरला. चहा घरातही होत होता. बायको साखर बेतशीर घालायची, खुर्चीवाला नेहमी जास्त घालायचा, आणि याला आता त्या जास्त गोड चहाचीच तलफ यायची. अंगण हवं होतं तेव्हा जीव असा कासावीस झाला नव्हता. त्या माणसाची एवढी ओढ लागेल हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं.

दर रविवारी गादीवाला बायकोबरोबर चर्चच्या उपासनेला जायचा. मंडळी लहान, हॉलही लहान. पाळकसाहेबांचा एक शिरस्ता होता: शास्त्र, म्हणजे बायबल, क्रमाने वाचायचं, दर आठवड्याला पाळी पुढच्या माणसाची, भाग टाळायचा नाही आणि वाचून झाल्यावर आपल्याला काय मिळालं ते दोन वाक्यांत सांगायचं. गादीवाला आपल्या पाळीला ठरावीक दोन वाक्यं सांगून मोकळा व्हायचा. देव दयाळू आहे. आपण त्याचं ऐकावं. सगळे आमेन म्हणायचे. या खेपेला त्याच्या वाट्याला दुष्ट राजा अहाब आला.

तो उभा राहून वाचू लागला. राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा. राजाला तो भाजी लावायला हवा. बदल्यात दुसरा चांगला मळा द्यायला तो तयार आहे. नाबोथ म्हणतो, वाडवडलांची जागा आहे, देता येत नाही. इथवर गादीवाला नेहमीच्या सुरात वाचत होता. मग राजा घरी आला, पलंगावर पडला, तोंड फिरवलं आणि जेवेना. गादीवाल्याने ती ओळ पुन्हा वाचली. पुढे राणी म्हणते, उठा, जेवा, मळा मी मिळवून देते. मग राजाच्या नावाचा शिक्का मारलेली पत्रं, दोन खोटे साक्षीदार, नाबोथाला दगडमार, आणि राजा उठून मळ्याचा ताबा घ्यायला निघतो. कसा मिळाला, हे विचारत नाही. ओळीवर बोट ठेवून गादीवाला एकेक शब्द वाचत होता. त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

शेवट असा होता की देवाचा निरोप आणणारा संदेष्टा येऊन राजाला त्याचं पाप तोंडावर सांगतो. तेव्हा राजा कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो आणि हळू चालू लागतो. ते पाहून देव त्याची शिक्षा त्याच्या हयातीपुरती पुढे ढकलतो.

पाळकसाहेबांनी विचारलं, काय मिळालं? गादीवाला उभाच राहिला. देव दयाळू आहे हे ओठांवर आलं, पण बाहेर पडेना. तो एवढंच म्हणाला, "राजाने स्वतः काहीच केलं नाही. तो निजला होता." आणि खाली बसला. मंडळी चुळबुळली. पाळकसाहेब मऊ आवाजात म्हणाले की बरोबर आहे, शिक्का त्याच्या नावाचा होता, हात दुसऱ्यांचे होते, तरी देवाने जाब त्यालाच विचारला. आणि हेही बघा, म्हणाले, इतका वाईट राजा, पण त्याचं हळू चालणंसुद्धा वरून कुणीतरी पाहिलं. गादीवाल्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. राजाने मळा परत दिला, असं पुढे कुठेच लिहिलेलं नाही. आणि देणार कुणाला? नाबोथ मेलेला. आपला नाबोथ तर जिवंत आहे, बसने तासाभराच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी तो आधी मालकीणबाईंकडे गेला. स्टोव्हचं सगळं खोटं होतं आणि ते मला तेव्हाही माहीत होतं, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. बाई त्याला खूप बोलल्या. त्या दिवशी तोंडात काय होतं तुमच्या, असं विचारलं, आणि तोंडात काय होतं ते त्याने खरोखरच सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, खोली अजून रिकामी आहे, त्याला यायचं असेल तर येऊ द्या. घरी येऊन त्याने बायकोला किल्ली परत दिल्याचं सांगितलं. ती म्हणाली की तुम्ही जेवावं म्हणून केलं हो मी. त्याला ते ठाऊक होतं. तिच्यावर तो रागावला नाही, निजलाही नाही.

किल्ली देण्याआधी, रविवारच्याच दुपारी, त्याने अंगणात कापसाला शेवटचं ऊन दाखवून एक गादी भरली होती. ती वळकटी डोक्यावर घेऊन तो खुर्चीवाल्याच्या मुलीकडे निघाला. इमारत उंच, लिफ्ट बंद. एकेक पायरी हळूहळू चढत तो वर पोहोचला तेव्हा छाती भात्यासारखी वाजत होती. खुर्चीवाला खिडकीशी बसला होता. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. कोपऱ्यात अर्धवट विणलेली एक खुर्ची, तिचा वेत सुकून ताठ झालेला.

गादीवाल्याने गादी उतरवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मेहुणा, लाँड्रीवाला, चहावाला, दातांतली दाभण. सांगून झाल्यावर खुर्चीवाल्याने वळकटीवरून हात फिरवला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग म्हणाला, "हे मला सगळं माहीत होतं रे. आपली भिंत केवढी? मेहुणा बोलला ते ऐकू आलं. वहिनी बोलल्या ते ऐकू आलं. त्यांचं मला काही वाटलं नाही. मी चहाचं आधण ठेवून तसाच उभा होतो, तुझा आवाज येतो का म्हणून. पाणी आटून गेलं."

गादीवाला वळकटीवरच बसला. चल परत, म्हणाला, बाई हो म्हणाल्यात, टाकी तिथेच आहे. खुर्चीवाल्याने नकारार्थी मान हलवली. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हेच वाईट होतं. त्या खोलीत आता झोप लागायची नाही, तो म्हणाला, रात्रभर कान भिंतीकडेच राहतील. मुलीने चहा आणला. खूप गोड होता. दोघं प्यायले, गुडघ्यांचं बोलले, खुर्चीवाल्याने गादी ठेवून घेतली आणि जिन्यापर्यंत पोचवायला आला. ये अधूनमधून, एवढं म्हणाला. त्या एवढ्यावर गादीवाला घरापर्यंत चालत आला, बसमध्ये बसायचं सुचलं नाही.

दिवस मावळायला आला होता. अंगणाच्या दाराला कुलूप होतं, आत टाकी कोरडी पडून होती. गादीवाला अंथरुणावर आडवा झाला आणि सवयीने भिंतीकडे वळला. स्वयंपाकघरातून बायकोने नेहमीसारखी हाक मारली, अहो, ऐकताय ना? त्याने चादर ओढली नाही. भिंतीला तोंड अगदी जवळ नेऊन तो म्हणाला, "नको. अंगण त्याचं आहे. तो काही विसरत नाही."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. पलीकडची खोली रिकामी होती, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं, आणि मग उठून जेवायला गेला.