सपनाच्या आवाजाची डिस्क

अंबादास खरात वाकोल्याच्या एका गल्लीत पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. गिऱ्हाइकाचं मशीन टेबलावर आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आतलं सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवलंय ना?" नाही म्हणणाऱ्याला तो चांगलं सुनावायचा.

स्वतःच्या घरातल्या कॉम्प्युटरचं मात्र त्याने तसं केलं नव्हतं.

तो कॉम्प्युटर त्याच्या मुलीचा, सपनाचा. त्यानेच सुटे भाग जमवून तिला बनवून दिलेला. सपना स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची आणि नोट्स मोठ्याने वाचून त्यात रेकॉर्ड करायची. भूगोल, इतिहास, राज्यघटना, अशा दोनशे चौदा फाइल. तीन वर्षांपूर्वी डेंग्यूने आठ दिवसांत ती गेली. चोवीस वर्षांची होती.

तिची आई सुंदराबाई रोज दुपारी कॉम्प्युटर लावून एखादी फाइल ऐकायची. राज्यघटनेच्या एका फाइलमध्ये सपना मध्येच थांबून म्हणते, "आई, कुकर बंद कर ना, रेकॉर्डिंग चाललंय." ती फाइल सुंदराबाई पुन्हा पुन्हा लावायची. अंबादास त्या वेळात दुकानातच थांबायचा. त्याला तो आवाज ऐकवत नव्हता.

जानेवारीत एकदा सुंदराबाई म्हणाली, "अहो, हे चालू होत नाहीये. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतंय."

हार्ड डिस्क सापडत नाही, असं मशीन म्हणत होतं. त्याने रीस्टार्ट केलं, तर सापडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याने केबल बदलली, बोर्डवरची बॅटरी बदलली, पॉवर सप्लाय दुसरा लावून बघितला. फरक नाही. मग त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडून डिस्कजवळ कान नेला. बराच वेळ बंद राहिली की डिस्क फिरायलाच उशीर लावत होती. तिला वेग येण्याआधीच मशीन तिला शोधायचं सोडून द्यायचं. लगेच रीस्टार्ट केलं की फिरती सापडायची.

याचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता. डिस्क शेवटाला आली होती.

"काय झालंय?" सुंदराबाईने विचारलं.

"काही नाही गं, जुनी झालीय. नाही आली तर परत चालू कर, येईल."

नवी डिस्क त्याने त्याच आठवड्यात आणली आणि कपाटात ठेवून दिली. सगळं कॉपी करायला घेतलं तर त्या ताणानेच जुनी बसेल, ही एक भीती. शिवाय कॉपी नीट झाली का बघायला फाइल ऐकाव्या लागल्या असत्या. पाच आठवडे असेच गेले. कॉम्प्युटर आधी दोनदा चालू करावा लागायचा, मग तीनदा, मग पाच-सहादा.

एका रविवारी सकाळी मन घट्ट करून त्याने नवी डिस्क जोडली. भूगोलाच्या फाइल आधी आल्या. एकतिसाव्या फाइलनंतर जुनी डिस्क टकटक वाजायला लागली. त्याने बंद करून तासभर थांबून पाहिलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा थांबला. मग ती सापडेनाच.

दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या अंधेरीच्या एका लॅबमध्ये गेला. तिथल्या मुलीने तपासून सांगितलं, "आतल्या चकतीवर ओरखडे पडलेत, काका. यातून आता काही निघणार नाही."

घरी सुंदराबाईने एवढंच विचारलं, "कुकरवाली आली का?"

"नाही. नुसता भूगोल आला." मग त्याने खरं सांगून टाकलं. जानेवारीतच कळलं होतं. तेव्हा ती एक फाइल काढून घेणं दोन मिनिटांचं काम होतं.

"मला सांगायचं होतंत ना," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकवत नव्हतं, तर मी बसले असते शेजारी. मी सांगितलं असतं बरोबर आलीय का."

पुढे दोन महिने दोघं कामापुरतंच बोलले. एप्रिलमधल्या एका दुपारी तिने त्याला दुकानातून बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि भूगोलाची पहिली फाइल लावली. कोकणातल्या नद्यांची नावं सपना घाईघाईने वाचत होती. अंबादास सात मिनिटं बसला. मग उठून मोरीत गेला आणि त्याने नळ सोडला.