रुपरावभाऊचं शून्य

आमच्या बेसा गावच्या प्लॉटांच्या वस्तीत, म्हणजे लेआउटमधे, अजिबात खोटं न बोलणारा माणूस एकच, रुपरावभाऊ. हा गुण म्हणावा का रोग, ते त्याच्या बायकोले, कौशल्याले विचारा. लग्नघरी यजमान कौतुकानं विचारते, "जेवण कसं झालं?" अन् हा भरल्या पंगतीत सांगते, "वरण खारट होतं."

लेआउटमागं एक सरकारी विहीर आहे. तिचं पाणी काढायचं नाही, फक्त मोजायचं. बावीस वर्षांपासून दर महिन्याच्या एक तारखेले भाऊ तिच्यात टेप सोडते अन् किती मीटर खाली पाणी लागलं तो आकडा वहीत लिहिते. चार मीटर खाली तं चार, चौदा तं चौदा. अंगात ताप असो का घरात पाहुणे, तारीख चुकली नाही.

यंदा मार्चात चौदा भरले, एप्रिलात अठरा. आमच्या साऱ्या बोअरिंगा हवा ओकून राहिल्या होत्या. कौशल्या गुडघ्यानं अधू, दोन गुंड भरून पाणी आणायले पार मंदिराच्या नळापर्यंत पाय ओढत जाये. आम्ही टँकरची वाट पाहून राहिलो, अन् आला भूजल ऑफिसचा कागद! 'आपल्या भागातील भूजलपातळी झपाट्याने वाढत असल्यामुळे टँकर बंद करण्यात येत आहेत.' माझं तं डोस्कंच फिरलं.

भाऊले घेऊन मी तडक ऑफिसात गेली. तिथं वेदिका मॅडम होत्या, पोरगी हुशार अन् बोलायले गोड. त्यांनी कॉम्प्युटरवर आमच्या नाल्याचं पूर्ण खोरं दाखवलं. जमिनीचे चौकोन पाडलेले, खाली मुरमाचा थर, त्याच्याखाली खडक, अन् आमच्या लेआउटवर निळाशार रंग, म्हणजे पाणीच पाणी.

"तुमच्या विहिरीत अठरा मीटर पाणी आहे, काका."

"अठरा मीटर पाणी नाही, मॅडम. अठरा मीटर खाली पाणी."

मॅडमचा चेहराच उतरला. कॉम्प्युटरले पाहिजे होतं पाणी किती उंच, अन् वहीत होतं पाणी किती खाली. म्हणजे आमची विहीर जितकी आटे, तितका मॅडमच्या पडद्यावर पूर! बाप्पा!

"मग सुधरवा ना," मी म्हटलं.

"कॉम्प्युटरमधलं हे मॉडेल मंजूर झालंय, मावशी. साहेबांच्या सह्या झाल्यात. आता बदल करायचा तर समिती बसवावी लागेल, दिवाळीनंतर. तोवर वहीतला नवा आकडा तेवढा दर महिन्याला त्यात जाईल, अन् टँकर त्यावरच ठरतील."

दिवाळीनंतर! तोवर आम्ही काय पडदा चाटावा? आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, दुसरं काय.

मेची एक तारीख आली. टेप बावीस मीटर गेला अन् खाली गोट्यावर टक्कन वाजला. विहीर कोरडी ठण्ण. भाऊनं वही उघडली, पेन काढला, अन् टोपण परत लावलं. बावीस लिहिलं असतं, तं ऑफिसात आणखी चार मीटर पाणी चढलं असतं.

"काहून थांबला गा भाऊ?"

"कामिनी, विहीर काठोकाठ भरली तरच शून्य लिहायचं असते. बावीस वर्षांत मी एक डाव बी लिहिलं नाही."

"मग आता लिही. त्या कॉम्प्युटरच्या डब्याले शून्य म्हणजे ठणठणाट."

त्यानं लिहिलं. इतकं गिरवत बसला का शून्याचं वांगं झालं. मले फार वाईट वाटलं, पण मी त्याले थांबवलं नाही.

चौथ्या दिवशी दोन टँकर हजर. कौशल्यानं पहिला गिलास भरून नवऱ्यापुढं धरला. भाऊनं तोंड फिरवलं.

"बावीस वर्षं खरं लिहिलं, तं कोणी वाचलं नाही," तो म्हणे. "खोटं लिहिलं, तं चार दिवसांत वाचलं."

"प्या गुमान," कौशल्या म्हणे. "पाणी तं खरं आहे ना?"

भाऊनं एक घोट घेतला. टँकरवाला कौतुकानं पाहून राहिला होता.

"खारट आहे," भाऊ म्हणे.