लग्नापुरता ढिला पट्टा

मला जमिनीवर बसता येत नव्हतं. म्हणजे बसता यायचं, पण उठवायला दोघं लागत आणि हसायला बाकीचे सगळे. मुलीचा साखरपुडा झाला तशी तिने कन्यादानासाठी माझ्यापुरती गादीची खुर्ची ठरवून टाकली. मी भडकलो. इतवारा बाजारातल्या माझ्या दुकानात दिवसभर खुर्चीच उबवतो; पोरीचं कन्यादान तरी मला पाटावर बसूनच करायचं होतं.

लग्न तिची परीक्षा झाल्यावर, सव्वा वर्षाने होतं. मी इंदूर गाठलं आणि दुर्बिणीतून वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं. जठराच्या वरच्या टोकाला पट्टा बसवतात, त्याच्या वर जेमतेम एक छोटी पिशवी उरते. नीट चावून थोडे घास खाल्ले की पोट भरतं. कातडीखाली बटणाएवढी डबी असते. डॉक्टर तिच्यात सुईने पाणी भरतात तसा पट्टा आवळतो, काढलं की सैल. हळूहळू वजन उतरलं, साखर ताळ्यावर आली, गुडघ्यांनीही कुरकुर कमी केली.

मग आलं केळवण. दापोऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मांडे आणि आमरसाचा घाट घातला. मी पाव मांडा खाऊन हात आखडला.

"अरे भाऊ, घरात शादी आहे! तेवढ्यापुरता तो पट्टा ढिला करून आण ना. बाद में फिर कस लेना."

"अक्का, ती काय पायजम्याची नाडी आहे?"

पण पंचाईत अशी, की पट्टा खरोखरच ढिला होतो. आंब्याच्या वासाने मीही डळमळलो होतो. तेवढ्यात अक्काने वाटी पुढे केली.

"रस तर पातळ आहे. पट्ट्याला पत्ताही लागणार नाही."

तेही खरंच होतं. गोड पातळ पदार्थ सटकन उतरतात आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, म्हणून तर डॉक्टरांनी ते बंद केले होते. मी वाटी मागे सारली. अक्काचे डोळे भरले.

"माझ्या हातचं नको झालं तुला."

मलाही रडू आलं, निम्मं अक्कासाठी आणि निम्मं रसासाठी. मी पाटावरून उठलो. एकटा, कुणाचा हात न धरता. अक्का बघतच राहिली. मग तिने ती वाटी स्वतःच पिऊन टाकली.

लग्नात मी पाटावर बसलो. कन्यादान झालं, आणि उठायच्या वेळी मुलीने सवयीने हात पुढे केला. मला त्याची गरज नव्हती. तरी धरला, आणि उभा राहिल्यावरही बराच वेळ सोडला नाही.