पोरीच्या चिरा, बापाची भट्टी

माझ्या मुलीने वर्षभर जपलेलं संशोधन मी एका दुपारी वितळवलं. अलंकारिक अर्थाने नव्हे, भट्टीत घालून!

शिरोली एमआयडीसीत माझी ॲल्युमिनियमची छोटी फाउंड्री आहे. पंपाची झाकणं, मोटारींची ब्रॅकेटं, असला आमचा संसार. विमानाशी संबंध म्हणाल तर ते शेडवरून गेलं की मान वर करायची, एवढाच. पण माझी मुलगी मृणाल इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिने बेंगळुरूच्या एका संस्थेबरोबर मिळून संशोधन-निधीसाठी अर्ज केला होता. विषय : विमानाच्या ओतीव भागांतले दोष कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखणे. अट अशी की सोबत एक कारखानदार भागीदार हवा. मोठ्या कारखानदारांनी "बघू की" म्हणून चहा पाजला. उरला बाप.

निधी मिळाला तर मृणाल कोल्हापुरात राहणार, नाही मिळाला तर परदेशातली नोकरी धरणार, हे ठरलेलं. त्यामुळे आमच्या सौ. सुनंदाबाईंनी देव पाण्यात ठेवले होते आणि मला दम भरला होता, "पावण्यांसमोर तोंड कमी उघडायचं!" (तिला हातांबद्दलही बोलायला हवं होतं.)

निधी देणारी समिती कारखाना बघायला येणार, असा निरोप आला. आता आमच्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक तपासणीला येणार म्हटलं की आधी रिजेक्ट माल नजरेआड करायचा. आणि आमच्या कोपऱ्यात तर रिजेक्टची खोकीच्या खोकी रचलेली! मृणालने प्रत्येक तुकड्यावरच्या चिरेभोवती पिवळ्या रंगाने गोल काढले होते. "पप्पा, ह्यांना हात लावायचा न्हाय हं," असं ती म्हणाली होती, आणि मी "व्हय व्हय" म्हणालो होतो. पण पोरीची सोयरीक बघायला आलेल्या लोकांना फुटक्या कपातून चहा कोण देतं?

"मालक, एवढं दडवायचं कुठं?" आमचा फोरमन बापू कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"दडवतोस कशाला? घाल भट्टीत."

"अवो, ताईंनी गोल काढल्यात की ह्याच्यावर!"

"म्हणूनच घाल! आपल्या दोषांना कुंकू लावून मिरवायचं व्हय रे?"

बापूला पटलं. (बापूला माझं पटतं तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे.) संध्याकाळपर्यंत वर्षभराच्या चिरांच्या लखलखीत विटा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडभर पाण्याचा सडा मारून घेतला. साच्यांच्या वाळूवरसुद्धा, धूळ नको म्हणून! खोक्यांच्या जागी सुनंदाने रांगोळीत विमान काढलं. पंख जरा भाकरीसारखे आले होते, पण विमानच.

मृणाल समितीला घेऊनच आली. दोन साहेब आणि अध्यक्ष म्हणून एक पिकल्या केसांच्या मॅडम. मृणालने सगळं छान समजावलं. मग मॅडम म्हणाल्या, "बरं, आता तुमचे सदोष नमुने बघू या."

मृणाल काही बोलायच्या आत मी छाती काढून पुढे झालो. "मॅडम, आमच्याकडं रिजेक्ट निघतच न्हाय!"

मृणालने कोपऱ्याकडे पाहिलं. विमान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या पहिलीच्या निकालाला मी चुकीच्या शाळेत जाऊन बसलो होतो, तेव्हासुद्धा तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"पप्पा... खोकी?"

"वितळवली," मी म्हणालो.

"अवो पप्पा, ते यंत्र चिरा बघून बघूनच चिरा ओळखायला शिकतं! चांगला माल दाखवून त्याला काय कळणार?"

"मग शिकवणार कशावर?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

मग बापूने त्याच विटा पुन्हा वितळवून मुशीत ठेवलेल्या तापल्या रसाकडे बोट दाखवलं. "मॅडम, समद्या चिरा हितंच हायत. आता दिसायच्या न्हाईत, एवढंच."

मला जमिनीत गाडून वर वाळू ठोकली असती तर बरं वाटलं असतं. पण माणूस लाजला की गप्प बसत नाही, हा माझ्या घराण्याचा गुण. निदान आपला हात तरी दाखवू म्हणून मी पाहुण्यांना लांब उभं केलं आणि बापूकडून रस ओतायचं लॅडल घेतलं.

"मालक, तुमी वतून लई वर्सं झाली."

"गप रे!"

ओतलं. सड्याने भिजलेली वाळू आमटीसारखी रटरटली. साचा फोडला तर आतून ब्रॅकेट नव्हे, अनारसा निघाला. जाळी अशी पडलेली, की दिवाळीला सुनंदाचीही पडत नाही! दुसऱ्या वेळी ओतता ओतता थांबलो, रस मध्येच थिजला, अर्धंच ब्रॅकेट. तिसरं अख्खं निघालं. मी "हे बघा!" म्हणेपर्यंत त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. चौथं तर बापूने दाखवायच्या आधीच पाठीमागे लपवलं.

मृणालचे डोळे भरले होते. मी तिच्याकडे बघायचं टाळत पाचवा साचा ओढला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, एकेक तुकडा गार होईतो थांबून उलटापालटा केला. "वाळू ओली, म्हणून ही छिद्रं. ओतताना थांबलात, म्हणून हे अर्धं. प्रत्येक दोष आपल्यासमोर झाला, कारणासकट. असे नमुने सहजी मिळत नाहीत. मृणाल, हे पुन्हा करता येतील?"

मृणालने नाक पुसलं. "मॅडम, पप्पांना दुसरं काय येतच न्हाय!"

निधी मंजूर झाला. पोरगी इथंच आहे. सुनंदाने देव पाण्यातून काढले. माझ्याशी बोलायला मात्र तिने आणखी आठवडा घेतला. प्रकल्पात माझ्या नावापुढे 'सदोष नमुने निर्मिती' असं लिहिलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी फक्त "विमानाचं काम करतो" एवढंच सांगतो.

दर शनिवारी मृणाल येते, मी ओततो, ती गोल काढते. परवा एक ब्रॅकेट निघालं. गुळगुळीत, भरीव, कुठं केसाएवढी रेघ नाही. मी हरखून तिच्यापुढे धरलं. तिने ते फिरवून फिरवून बघितलं आणि बाजूला ठेवून दिलं.

"लक्ष कुठं होतं पप्पा? हे रिजेक्ट!"